सुट्या ओळींचे दुकानदार

कवीला नावे ठेवण्यासाठी प्रत्येक भाषेने काही शब्द राखून ठेवलेले असतात. मराठीत ‘कवडा’ आहे. उर्दूत ‘मुतशायर’ आहे, म्हणजे शायर नसताना शायर म्हणवून मिरवणारा. आणि ‘तुकबंद’ तर आहेच. तुकबंद म्हणजे काफियाला काफिया बरोबर जुळवणारा. पण शेरातून शायरी काढून घेतली आहे की ती मुळात नव्हतीच, असा प्रश्न पडावा अशा गृहस्थाला ही पदवी मिळते. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर काही लिहून आणतो तेव्हा हा शब्द माझ्याही ओठांवर येतो. तो मी गिळतो, ती गोष्ट वेगळी.

या शब्दांमागचा हिशेब सरळ आहे. यमक सगळ्यांनाच जुळवता येते, काव्य सगळ्यांना साधत नाही. म्हणून जो नुसते यमक जुळवतो तो हिणवला जातो.

अठराव्या शतकातल्या इटलीत मात्र याच्या नेमका उलटा शब्द चलनात आला. जो यमक जुळवत नाही त्याला हिणवण्यासाठी तो होता: ‘वेर्सिशोल्तायो’. शब्द उच्चारायला अवघड आहे, पण फोडला की सोपा होतो. ‘वेर्सि’ म्हणजे पद्याच्या ओळी. ‘शोल्ति’ म्हणजे सुट्या, न बांधलेल्या. इटालियन काव्यातल्या अकरा अक्षरी पण यमकाशिवायच्या ओळींना ‘वेर्सि शोल्ति’ म्हणतात. हे झाले शास्त्रातले नाव, त्यात कोणतीही निंदा नाही. निंदा आहे ती शेवटी चिकटवलेल्या ‘आयो’ या प्रत्ययात. इटालियनमध्ये पाव भाजून विकणारा तो ‘फोर्नायो’, जोडे शिवणारा ‘काल्त्सोलायो’, पुस्तके विकणारा ‘लिब्रायो’. आपल्या ‘वाला’सारखाच हा धंद्याचा प्रत्यय. तेव्हा वेर्सिशोल्तायो म्हणजे सुट्या ओळीवाला, सुट्या ओळींचा दुकानदार. भाजीवाला, भांडीवाला, तसा हा ओळीवाला. वजन करून, पुडीत बांधून ओळी देणारा.

एका प्रत्ययात एवढा तिरस्कार भरणारा माणूस होता जुझेप्पे बारेत्ती. त्याचा तिरस्कार अगदीच बिनबुडाचा नव्हता आणि तरीही तो चुकला. कुठे बरोबर होता आणि कुठे चुकला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्राचीन ग्रीक आणि लॅटिन काव्यात अंत्ययमक हा नियम नव्हता. होमर आणि व्हर्जिल यांची महाकाव्ये वृत्तात आहेत, पण ओळींचे शेवट एकमेकांशी जुळत नाहीत. संस्कृतच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. कालिदासाचे श्लोकही असेच आहेत. युरोपात यमक रुजले ते मध्ययुगात. दान्ते, पेत्रार्क आणि पुढे आरिओस्तो यांनी इटालियन यमकाला असे रूप दिले की यमक नाही तर कविता नाही, अशी वाचकाच्या कानाची सवयच झाली.

मग सोळाव्या शतकात विद्वानांची एक पिढी आली. तिला प्राचीनांची बरोबरी करायची होती. व्हिचेन्झा शहरातल्या जान जोर्जो त्रिस्सिनो याने १५१४-१५ च्या सुमारास ‘सोफोनिस्बा’ ही शोकांतिका लिहिली, ती मुख्यत्वे यमकाशिवायच्या ओळींत. १५२४ मध्ये ती छापली गेली. पुढे १५४७-४८ मध्ये त्याने गॉथ लोकांपासून इटलीच्या मुक्ततेवरचे आपले महाकाव्यही याच ओळींत प्रसिद्ध केले. ते कोणी आवडीने वाचले नाही. नाट्य चांगले आणि महाकाव्य कंटाळवाणे, असा निकाल वाचकांनी तेव्हाच दिला आणि तो आजही बदललेला नाही. पण वाट पडली होती. जोव्हान्नी रुचेल्लाई याने मधमाश्यांवरचे आणि लुईजी आलामान्नी याने शेतीवरचे काव्य सुट्या ओळींत लिहिले. आन्निबाल कारो याने व्हर्जिलचे ‘ईनिड’ याच ओळींत आणले. ते त्याच्या मृत्यूनंतर १५८१ मध्ये छापले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. इंग्लंडात याच शतकात सरेच्या उमरावाने ‘ईनिड’चे दोन सर्ग यमकाशिवाय इंग्रजीत केले. पुढच्या शतकात मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ला १६६८ मध्ये एक टिपण जोडले आणि यमक टाकण्याचे समर्थन करताना इटालियन व स्पॅनिश कवींचा दाखला दिला.

म्हणजे बारेत्तीच्या वेळेपर्यंत सुट्या ओळीचे वय दोनशे वर्षांचे झाले होते. मग भांडण एवढ्या उशिरा का पेटले?

याचे कारण त्या काळच्या इटलीतल्या काव्यव्यवहारात आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला तिथे कविता हा समारंभाचा भाग झाला होता. उमरावाच्या घरी लग्न निघाले, कोणाची मुलगी मठात जोगीण झाली, कोणाला पदवी मिळाली, की ओळखीच्या कवींकडून कविता मागवायच्या आणि त्यांचा सुबक संग्रह छापून पाहुण्यांना वाटायचा. अशा संग्रहांना ‘राक्कोल्ते’ म्हणत. आपल्याकडे लग्नात सेहरा वाचण्याची आणि मंगलाष्टकात वधूवरांची नावे गुंफण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे तो जवळजवळ उद्योगच झाला होता. पार्मा दरबारचा कवी कार्लो इन्नोचेन्झो फ्रुगोनी हा या प्रसंगकाव्याचा मोठा कारागीर मानला जाई. त्याच्याजवळ शब्दांचा साठा अफाट, आवाज भारदस्त आणि सांगण्यासारखे फार थोडे.

१७५७ च्या अखेरीस, १७५८ साल घालून, व्हेनिसमध्ये एक पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘तीन उत्कृष्ट आधुनिक लेखकांच्या सुट्या ओळी’. तिघे म्हणजे फ्रुगोनी, फ्रान्चेस्को आल्गारोत्ती आणि साव्हेरिओ बेत्तिनेल्ली. आल्गारोत्ती हा न्यूटनचे प्रकाशशास्त्र सामान्य वाचकांना समजावून सांगणारा, युरोपच्या दरबारांत वावरलेला गृहस्थ. त्याने १७५२ मध्ये यमकाविरुद्ध एक निबंधच लिहिला होता. बेत्तिनेल्ली हा जेझुइट पंथाचा धर्मगुरू आणि शिक्षक. यमकाची बेडी टाका म्हणजे विचाराला पाय फुटतील, असा या मंडळींचा दावा होता. पुस्तकाचे नावच ‘उत्कृष्ट’ म्हणत होते. स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र लोकांना खुपते, तसे ते खुपले.

त्याहून खुपली ती पुस्तकाला जोडलेली पत्रे. बेत्तिनेल्लीने नाव न घालता ती लिहिली होती आणि त्यांत स्वर्गस्थ व्हर्जिल आजच्या कवींना उपदेश करतो, अशी कल्पना होती. या व्हर्जिलने दान्तेची अशी झाडाझडती घेतली की त्याच्या महाकाव्यातले मोजके उतारे ठेवावेत, बाकीचे सोडून द्यावे असा सूर निघाला. इटलीत खळबळ उडाली. व्हेनिसच्या गास्पारो गोत्सी याने १७५८ मध्येच दान्तेच्या बचावाचे पुस्तक लिहिले. सुटी ओळ आणि दान्तेची निंदा या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या. वास्तविक त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

अशा वेळी बारेत्ती रिंगणात उतरला. तो १७१९ मध्ये तूरीन येथे जन्मला. १७५१ मध्ये लंडनला गेला, इंग्रजी शिकला आणि डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या वर्तुळात मिसळला. १७५३ मध्ये इंग्रजीतून इटालियन काव्यावर पुस्तिका लिहून त्याने दान्तेची बाजू घेतली. १७६० मध्ये त्याचा इंग्रजी-इटालियन शब्दकोश निघाला. त्याच वर्षी तो पोर्तुगाल आणि स्पेनमार्गे मायदेशी परतला. जॉन्सन यांच्या सहवासात त्याने एक गोष्ट शिकली होती: टीकाकाराने भीड ठेवायची नाही. योगायोग असा की स्वतः जॉन्सन हेही यमकाशिवायच्या काव्याबद्दल नाराजच असत. मिल्टनने ते साधले हे ते मान्य करत, पण इतरांनी त्या वाटेला जाऊ नये असे त्यांना वाटे.

१ ऑक्टोबर १७६३ रोजी व्हेनिसमध्ये बारेत्तीने पाक्षिक काढले, ‘ला फ्रुस्ता लेत्तेरारिया’, म्हणजे साहित्यिक चाबूक. लेखक म्हणून नाव घेतले आरिस्तार्को स्कान्नाबूए. आरिस्तार्क हा होमरच्या संहितेची चिकित्सा करणारा अलेक्झांड्रियाचा प्राचीन पंडित; आणि स्कान्नाबूए म्हणजे बैल कापणारा. बैल कोण, हे वाचकाने ओळखायचे. हा आरिस्तार्को जग फिरून आलेला, एक पाय लाकडाचा असलेला म्हातारा शिपाई आहे. त्याच्या घरी एक तुर्की गुलाम आहे आणि पुस्तके वाचायला देणारा एक भोळा पाद्री आहे. पुस्तक आले की म्हातारा ते उघडतो, आणि चाबूक चालू होतो.

या चाबकाचे फटके अनेकांना बसले, पण सुट्या ओळीवाल्यांवर त्याचा विशेष रोख होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. सुटी ओळ आळसातून जन्मली आहे. इटालियन भाषेतले बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने यमके हवी तेवढी सापडतात. ज्याला तीही शोधायचा कंटाळा येतो त्याने कवी म्हणवून घेऊ नये. यमक काढले की उरते ते गद्यच, अकरा अक्षरांवर कापलेले. आणि यमकाचा आधार गेल्यावर कवितेला उभी ठेवण्यासाठी हे लोक मोठमोठ्या विशेषणांच्या टेकूंचा उपयोग करतात.

प्रामाणिकपणे बोलायचे तर फ्रुगोनीच्या पुष्कळशा काव्याला हे वर्णन लागू पडते. नव्या छंदाची एक अडचण असते. जुन्या छंदातले अपयश चटकन दिसते. गझलेत काफिया चुकला तर मागच्या रांगेत बसलेलाही हात वर करतो. सुट्या ओळीत अपयश लपते. त्यामुळे ज्यांना काही साधलेले नाही असे लोक तिच्या आडोशाला गोळा होतात, आणि मग त्यांची गर्दी हीच तिची ओळख ठरते. बारेत्तीने ही गर्दी पाहिली. ती खोटी नव्हती.

पण तो ज्यांना दुकानदार म्हणत होता त्यांच्यातल्याच बेत्तिनेल्लीने १७५१ मध्ये समारंभी संग्रहांच्या खुळावर उपहासकाव्य लिहिले होते. ज्या रोगाचा बारेत्तीला संताप येत होता त्या रोगावर बोट ठेवणारा माणूस त्याच्याच आरोपींच्या पिंजऱ्यात होता. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. १७४७-४८ मध्ये, अजून तिशीही गाठली नव्हती तेव्हा, बारेत्तीने फ्रेंच नाटककार कोर्नेय याच्या शोकांतिकांचे इटालियन भाषांतर केले होते. ते होते सुट्या ओळींत. म्हणजे ऐन उमेदीत या दुकानाच्या गल्ल्यावर तो स्वतःही बसलेला होता. कदाचित म्हणूनच त्याचा राग एवढा कडवट असेल. आपण ज्या कामात फसलो ते कामच खोटे होते असे म्हणण्यात मनाला आराम मिळतो. हा माझा अंदाज आहे, इतिहास नव्हे.

मात्र त्याच १७६३ सालाने बारेत्तीपुढे एक अवघड पुस्तक आणून ठेवले.

मार्च १७६३ मध्ये मिलानमध्ये ‘इल मात्तिनो’, म्हणजे ‘सकाळ’, नावाचे काव्य कवीच्या नावाशिवाय छापले गेले. कवी होता जुझेप्पे पारिनी. १७२९ मध्ये बोसिसिओ या लहान गावी, रेशमाचा किरकोळ व्यापार करणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. (आपले मोरोपंत याच वर्षी पन्हाळगडावर जन्मले. यमकाचा डोंगर रचणारे पंत आणि यमक टाकणारा पारिनी हे समवयस्क होते.) शिक्षण मिळावे म्हणून पारिनी पाद्री झाला आणि १७५४ पासून मिलानच्या सेर्बेल्लोनी या सरदार घराण्यात शिकवणी करू लागला. १७६२ मध्ये घरच्या डचेसने रागाच्या भरात संगीतकार साम्मार्तिनी यांच्या मुलीच्या थोबाडीत मारली. पारिनीने मुलीची बाजू घेतली. नोकरी गेली. आठ वर्षे त्याने सरदारांचे जगणे अगदी जवळून, म्हणजे नोकराच्या जागेवरून पाहिले होते. ‘सकाळ’ त्या पाहण्यातून आली.

काव्यात एक शिक्षक एका तरुण सरदाराला दिवस कसा घालवावा याचे धडे देतो. शेतकरी आणि लोहार पहाटे कामाला लागले आहेत. सरदार मात्र रात्रभर जुगार आणि नाटक करून त्याच वेळी अंथरुणावर पडतो. दुपारी डोळे उघडतो तेव्हा प्रश्न उभा राहतो: आज कॉफी घ्यावी की चॉकलेट? या क्षुल्लक प्रश्नाला शिक्षक एखाद्या महायुद्धाची भाषा वापरतो, आणि बोलता बोलता सांगून जातो की हे पेय तुमच्या टेबलावर यावे म्हणून समुद्रापलीकडे केवढी राज्ये उद्ध्वस्त झाली आणि केवढी माणसे कापली गेली. आवाज स्तुतीचा आहे, अर्थ शिक्षेचा.

१७६५ मध्ये पुढचा भाग आला, ‘इल मेत्झोजोर्नो’, म्हणजे ‘दुपार’. त्यातला कुत्रीचा प्रसंग इटलीतल्या शाळांमध्ये अजून शिकवला जातो. सरदारणीची लाडकी कुत्री नोकराच्या पायाला चावते. नोकर तिला लाथेने दूर सारतो. कुत्री केकाटते, सरदारणी मूर्च्छित पडते, सगळे घर धावते. वीस वर्षे इमानाने राबलेला तो नोकर बाहेर काढला जातो. कुत्रीशी असे वागणाऱ्याला दुसरे कोणतेही घर नोकरी देत नाही. अखेर बायको आणि उघडीवाघडी मुले घेऊन तो रस्त्यावर हात पसरून बसतो. कुत्रीचा सूड पुरा होतो.

आणि ही दोन्ही पुस्तके सुट्या ओळींत आहेत.

सुट्या ओळींतच का, हे समजून घेण्यासारखे आहे. शेरात अर्थ काफियापाशी येऊन थांबतो. थांबतो म्हणूनच वाहवा मिळते. पारिनीला वाहवा नको होती. त्याला वाचकाला फसवायचे होते. त्याचे वाक्य एका ओळीतून दुसरीत, दुसरीतून पाचवीत वाहत जाते. क्रियापद लांबणीवर पडते, विशेषणे रेशमी पडद्यासारखी एकामागून एक सरकतात आणि शेवटच्या पडद्यामागे उपाशी नोकर उभा असतो. यमक असते तर दर दोन ओळींनी टाळी वाजली असती आणि धक्का फुकट गेला असता. ज्या ओळीला आळशांची ओळ म्हटले गेले होते तिनेच आळशी वर्गाचा पंचनामा केला.

बारेत्तीचे मोठेपण असे की त्याने हे पुस्तक ओळखले. ‘फ्रुस्ता’च्या सुरुवातीलाच त्याने ‘सकाळ’ची मनापासून स्तुती केली, सरदारांच्या रिकामटेकडेपणावरचा हा प्रहार त्याला पुरेपूर आवडला. पण शब्द त्याच्या आड आला. एवढे चांगले काव्य सुट्या ओळींत असावे याची त्याला खंत वाटली आणि कवीने ते यमकात बसवावे अशी इच्छा त्याने व्यक्त केली. समोर अपवाद उभा असताना नियम बदलण्याऐवजी त्याने अपवादालाच नियमात बसण्याचा सल्ला दिला. पारिनीने तो अर्थातच मानला नाही. पारिनीला यमक येत नव्हते असे नाही. त्याच्या गाजलेल्या ‘ओड’ यमकबद्ध आहेत. कुठे बांधायचे आणि कुठे सोडायचे हे त्याला कळत होते, इतकेच.

या वादाला आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या वाचकांना माहीत असावा असा आहे. यमक हे इटलीचे कुलदैवत असल्यासारखे बारेत्तीपंथी बोलत होते. पण मुळात यमक आले कुठून? मोदेना शहरातला सोळाव्या शतकातला पंडित जाम्मारिया बार्बिएरी याने लिहून ठेवले होते की यमकबद्ध काव्याची रीत अरबांकडून स्पेनमध्ये, तेथून प्रोव्हान्सच्या कवींकडे आणि पुढे इटलीत आली. त्याचा ग्रंथ दोनशे वर्षे हस्तलिखितात पडून होता. १७९० मध्ये, म्हणजे बारेत्तीच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, जिरोलामो तिराबोस्की याने तो छापला. त्याआधीच, १७८२ पासून, इटलीत आश्रयाला आलेला स्पॅनिश जेझुइट हुआन आंद्रेस हा आपल्या विश्वसाहित्याच्या इतिहासात युरोपवरचे अरबांचे ऋण मांडत होता. त्याला कडाडून विरोध करणारेही होते, आणि यमक लॅटिन प्रार्थनागीतांतूनच उगवले असे म्हणणारेही. अभ्यासकांत त्या प्रश्नावर आजही एकमत नाही. त्यामुळे ‘यमक आमचेच’ असे आपणही छाती फुगवून म्हणू नये. पण एवढे खरे की कसिद्याच्या शंभर शंभर ओळी एकाच काफियात बांधण्याची अरबी परंपरा इटालियन सॉनेटहून कितीतरी जुनी आहे. ज्या दागिन्याच्या नावाने भांडण चालले होते तो दागिना घरचाच आहे की बाहेरून आलेला, हे भांडणाऱ्यांना निश्चित ठाऊक नव्हते. शुद्धतेच्या नावाने होणाऱ्या बऱ्याच भांडणांचे असेच असते.

‘फ्रुस्ता’ फार काळ चालला नाही. जानेवारी १७६५ मध्ये बारेत्तीने व्हेनिसचा मानबिंदू असलेल्या कार्डिनल पिएत्रो बेम्बो याच्या काव्यावर चाबूक उगारला आणि सरकारने पाक्षिक बंद पाडले. पंचवीस अंक निघाले होते. आणखी आठ त्याने व्हेनिसच्या हद्दीबाहेर, आन्कोना येथून काढले आणि १७६६ मध्ये तो पुन्हा लंडनला गेला.

तिथे १७६९ मध्ये एक भयंकर प्रसंग ओढवला. रात्री हेमार्केटच्या रस्त्यावर त्याच्यावर काही जण चालून आले. झटापटीत त्याने खिशातली फळे कापायची सुरी चालवली आणि त्यातला एक माणूस दगावला. खुनाचा खटला उभा राहिला. परदेशी आरोपीला अर्धे परदेशी सदस्य असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क होता. बारेत्तीने तो सोडला. इंग्रजांनीच मला पारखावे, असे त्याने ठरवले. जॉन्सन, एडमंड बर्क, चित्रकार रेनॉल्ड्स, नट गॅरिक, गोल्डस्मिथ यांनी त्याच्या स्वभावाबद्दल साक्ष दिली आणि तो निर्दोष सुटला. त्या दिवशी ‘सुरी बाळगणारा इटालियन’ या शिक्क्यावर निकाल लागला असता तर तो फासावर गेला असता. न्यायालयाने शिक्का बाजूला ठेवून माणूस पाहिला. कवींच्या बाबतीत बारेत्तीने हेच करायला हवे होते, असे ही हकिकत वाचताना वाटल्यावाचून राहत नाही. १७८९ मध्ये तो लंडनलाच वारला.

पारिनी १७९९ मध्ये मिलानमध्ये वारला आणि साध्या दफनभूमीत पुरला गेला. आज त्याची कबर दाखवता येत नाही. पुढे नेपोलियनच्या राजवटीत, गावाबाहेर आणि एकसारख्या खुणांनीच दफन करण्याचा १८०४ चा फ्रेंच हुकूम १८०६ मध्ये इटलीला लागू झाला. १८०७ मध्ये ऊगो फोस्कोलो याने ‘दे सेपोल्क्री’, म्हणजे ‘कबरींविषयी’, हे २९५ ओळींचे काव्य प्रसिद्ध केले. त्यात तो मिलान शहराला जाब विचारतो: ज्याने तुझ्या धनिकांना आरसा दाखवला त्या पारिनीला तू एक कबरही दिली नाहीस, त्याची हाडे एखाद्या फाशी गेलेल्या चोराच्या हाडांत मिसळून पडली असतील. हे काव्यही सुट्या ओळींत आहे. एका सुट्या ओळीवाल्याने दुसऱ्याची कबर शेवटी ओळींतच बांधली. १८१९ मध्ये जाकोमो लेओपार्दी याने अनंतावरची पंधरा ओळींची कविता लिहिली, तीही याच छंदात. सॉनेटला चौदा ओळी असतात. त्याने एक ओळ जास्त घेतली आणि यमके सगळी सोडली. इटालियन कवितेतल्या सर्वांत प्रिय कवितांत आज ती गणली जाते.

वेर्सिशोल्तायो हा शब्द त्यानंतर कोणाला लावणार? तो शब्दकोशात जाऊन बसला, ‘जुना, निंदाव्यंजक’ अशा शेऱ्यासह.

आपल्याकडेही हा खेळ होऊन गेला आहे. मौलाना अब्दुल हलीम शरर यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘दिलगुदाज’ मासिकातून बिनकाफियाच्या उर्दू नज्मचा पुरस्कार केला. आधी तिला ‘गैर मुकफ्फा’ म्हणत. पुढे मौलवी अब्दुल हक यांच्या सूचनेवरून ‘नज्मे-मुअर्रा’ हे नाव आले. मुअर्रा म्हणजे उघडी. इटालियनांनी तिला सुटी म्हटले, आपण उघडी. नंतर न. म. राशिद आणि मीराजी यांची आजाद नज्म आली तेव्हा कन्हैयालाल कपूर यांनी गालिबला आधुनिक शायरांच्या मैफिलीत आणून बसवले आणि सगळ्या उर्दू जगाला हसवले. मराठीत ‘अनिलां’च्या मुक्तछंदाला असेच वादातून जावे लागले. हसणाऱ्यांचे पुष्कळसे खरे होते. त्या गर्दीतही दुकानदार होतेच. पण राशिद त्यांच्यात नव्हते.

सामूहिक नावाची अडचण हीच असते. ते शंभरांपैकी नव्वदांना बरोबर बसते, म्हणून खरे वाटते. उरलेल्या दहांत पारिनी असतो. नाव ठेवणारा नव्वदांकडे बोट दाखवून जिंकतो आणि इतिहास त्या दहांमुळे त्याला हरवतो. हे फक्त कवितेलाच लागू आहे असे कोणी समजू नये. कोणत्या समूहाला कोणत्या प्रत्ययाने हाक मारली जाते, हे आपल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

तो मुलगा वही घेऊन पुन्हा येतो तेव्हा मी अलीकडे एवढेच करतो. ओठांवर आलेला शब्द गिळतो, आणि कविता शेवटपर्यंत वाचतो.